टेंभरीपर्यंतचं पाणी

जागेश्वर बारापात्रे आमच्या पाटबंधारे खात्यात अमीन होते. नहराचं पाणी कोणाच्या शेतात कधी जायचं, कुठलं दार उघडायचं, कुठलं पाडायचं, भांडण झालं तर कोणाला समजवायचं, हे सगळं अमिनाकडे. पद लहान. पण कोसंबी तलावाच्या नऊ मैलांच्या नहरावर असं एक गाव नव्हतं, जिथे त्यांच्यासाठी कोणी खाट टाकली नसती. कागदावर मी त्यांचा साहेब होतो. वयाने बावीस वर्षांनी लहान.

१९७४ च्या ऑक्टोबरात मी शाखा अभियंता म्हणून तिथे गेलो. धरमपेठेत वाढलेला, नागपुरातच शिकलेला. नळाखेरीज दुसरीकडून पाणी कसं येतं ते पुस्तकातच पाहिलेलं. मौद्याला एसटीतून उतरलो तेव्हा धोतर नेसलेला, पांढरा सदरा आणि कॅनव्हासचे जोडे घातलेला एक उंच, काटकुळा माणूस दोन सायकली धरून उभा होता.

"साहेब, ऑफिसात बसाचं असंन तर बसा," ते म्हणाले. "पन नहर पाहाचा असंन तर ऊन तापाच्या आधी निघू."

निघालो. नहराच्या बांधावरची ती पायवाट अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. एका अंगाला कापणीला आलेला धान, दुसऱ्या अंगाला पळसाची झुडपं आणि मधून जाणारं मातकट, संथ पाणी. जागेश्वर फारसं बोलत नव्हते. मधेच सायकलवरून उतरायचे, पाण्यात हात घालायचे, "पंधरा दिवसांआधी इथी एक वीत जास्त होतं" म्हणायचे आणि पुन्हा पायडल मारायचे. सहाव्या मैलाला पाणी घोटाभर उरलं. आठव्याला नुसता चिखल. आणि शेवटच्या टोकाला, टेंभरी गावाशी, नहरात तरोटा माजला होता आणि त्यात शेळ्या चरत होत्या.

तिथले म्हातारे शेतकरी वामनराव यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, गूळ आणि पाणी दिलं.

"साहेब, माया बापानं या नहरासाठी जमीन देल्ली," ते म्हणाले. "आता मीच बुढा झालो. आमच्यापावेतो पाणी आलं ते चारदा. या अमिनाले मी दोष नाही देत. हा दरसाल येते, आमच्या घरी जेवते, अन् यंदा पाहू म्हनते."

जागेश्वर खाली मान घालून गूळ खात होते. परतताना सायकल हातात धरून चालता चालता म्हणाले, "अर्धं पाणी मातीच पिऊन टाकते, साहेब. तुम्ही शिकलेले आहा. काही करा."

मी केलं. त्या हिवाळ्यात नहर मोजला, पाण्याची गळती काढली आणि नऊच्या नऊ मैल सिमेंटचं अस्तर लावण्याचा प्रस्ताव नागपूरला पाठवला. त्यानंतर सहा वर्षं काही झालं नाही. सिमेंट परमिटवर मिळण्याचे दिवस ते. प्रस्ताव जायचा, शंका लावून परत यायचा, मी उत्तर लिहायचो. जागेश्वर दर महिन्याला विचारायचे, "टेंभरीचा कागद कुठी आहे, साहेब?"

पण ती सहा वर्षं वाईट नव्हती. आठवड्यातून एकदा जीप यायची, बाकी सगळं सायकलवर. आंबाडी गावाशी नहराला लागून खात्याची दोन खोल्यांची चौकी होती. जागेश्वर तिथे राहायचे आणि शनिवारी नागपुरात तांडापेठेत घरी जायचे. दौऱ्यावर असलो की मीही चौकीवरच जेवायचो. शेजारच्या मळ्यातून पंचफुलाबाई वांगी-मिरच्या आणून द्यायच्या. त्यांचा भाजीपाला कामठीच्या बाजारात जायचा. चुलीवर वांगं भाजत जागेश्वर त्यांच्या तांडापेठेच्या गोष्टी सांगायचे. बाप लुगडी विणायचा. हे स्वतः पंधरा वर्षांपर्यंत मागासाठी सुताच्या कांड्या भरत होते. मग मिलच्या कापडापुढे हातमाग टिकेना, आणि ते नहराच्या दुरुस्तीवर माती उचलायला आले. मजुराचे चौकीदार झाले, चौकीदाराचे अमीन.

"मागावर बसलो असतो तर पाठीत वाकलो असतो," ते म्हणायचे. "इथी सायकलवर वाकलो."

याच काळात त्यांनी एक उद्योग सुरू केला होता. एका दोरीला हात-हातभर अंतरावर गाठी मारून खाली लोखंडाचा तुकडा बांधला होता. होळीला आणि पोळ्याला, आणि शिवाय नहराला पाणी सुटलं की आठव्या दिवशी, ते आंबाडीच्या विहिरीविहिरींवर जाऊन ती दोरी सोडायचे आणि किती गाठी ओल्या झाल्या ते लिहून ठेवायचे. मी हसायचो. "विहिरी आपल्या खात्याच्या नाहीत, जागेश्वरजी."

"नाहीत," ते म्हणायचे, आणि दोरी गुंडाळायचे.

१९८० साली प्रस्ताव मंजूर होऊन आला. सोबत एक नवा कागद होता. कामामुळे झाडांवर, जमिनीवर, गावांच्या पाण्यावर काय परिणाम होतील, ते भरून पाठवायचं होतं. असे कागद तेव्हा नुकतेच येऊ लागले होते. मी त्यातल्या पाचही रकान्यांत एकच शब्द लिहिला, 'निरंक', म्हणजे परिणाम काही नाही, आणि टायपिंगला दिला. मग जागेश्वरना बोलावून बातमी सांगितली, कागद निरंक भरल्याचंही सांगितलं. वाटलं, माणूस आनंदाने पेढे मागेल.

ते उभेच राहिले. "साहेब, तो कागद गेला का?"

"कोणता?"

"निरंकवाला."

मी नाही म्हटल्यावर त्यांनी खिशातून वही काढली. आंबाडीच्या चौदा विहिरी. नहर सुटल्यावर आठव्या दिवशी प्रत्येकीचं पाणी चार-पाच हात चढत होतं. त्यांखेरीज नहराच्या वरच्या अंगाला, चढावर, ज्या तीन विहिरी होत्या, त्यांत मात्र गाठही हलत नव्हती. पाच वर्षांची मापं, सगळी तीच गोष्ट सांगणारी.

"पंचफुलाबाई मले एकदा बोलल्या," ते म्हणाले. "म्हने, नहर सुटला हे आमच्या विहिरीले तुमच्याआधी समजते. तवापासून मोजून राहिलो. माती पाणी पिते म्हनलो होतो नं मी? पिते, पन पोटात नाही ठेवत. त्याइच्या विहिरीत देते. सिमेंट लावलं तर त्या विहिरी आटतीन, साहेब."

मला राग आला. "सहा वर्षं तुम्हीच माझ्या मागे लागला होतात! आता मंजुरी आली तर तुम्हीच आडवे येता? वामनरावांना काय सांगायचं?"

"तेच तर समजत नाही," ते म्हणाले. "पन निरंक नका लिहू. निरंक नाही आहे ते."

मी त्यांना जायला सांगितलं. दिवसभर त्या वहीकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच सायकल काढली आणि आंबाडीला जाऊन एकेका विहिरीत डोकावलो. पंचफुलाबाई पाणी ओढत होत्या. परत येऊन टायपिंगचा कागद फाडला.

आठवड्याने आंबाडीच्या मारुतीच्या देवळापुढे दोन्ही गावांची बैठक बोलावली. टेंभरीहून बैलबंड्या भरून लोक आले होते. त्यांना वाटलं, कामाचा नारळ फुटणार. मी सुरुवात केली, पण आकड्यांत अडकलो. शेवटी जागेश्वर उठले आणि दोन्ही गावांना जे होतं ते सांगितलं. अस्तर लावलं तर टेंभरीला पाणी पोचेल आणि आंबाडीच्या विहिरींचं पाणी खाली जाईल. नाही लावलं तर आहे तसंच राहील.

मग वामनराव उभे राहिले.

"सतरा वर्षं आमच्या घरी जेवला नं गा तू? सतरा वर्षं यंदा पाहू, यंदा पाहू. अन् आता पाणी येऊन राहिलं तर तूच त्याचा हात धरून राहिला? काहून? आंबाडीत चौकी आहे म्हनून?"

जागेश्वर खाली मान घालून उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तसा पूर्वी पाहिला नव्हता, नंतरही नाही. टेंभरीचे लोक उठू लागले. आंबाडीची पोरं ओरडू लागली. बैठक मोडलीच असती, पण बायांच्या घोळक्यातून पंचफुलाबाई पुढे आल्या.

"बसा जी जरा," त्या वामनरावांना म्हणाल्या. "तुमाले पाणी कवा लागते?"

"गव्हाले. पहिल्या पाण्याले. ते चुकलं का गहू गेला."

"मग पहिलं पाणी तुमचं. आमची दारं तवा बंद ठेवा. विहीर असंन तर आमी थांबू शकतो. विहीर नसंन तर कोनीच नाही थांबू शकत."

जागेश्वरनी तेव्हा मान वर केली. आंबाडीच्या सव्वा मैलात नहराचा तळ मातीचाच ठेवायचा, फक्त बाजू बांधायच्या, बाकी सगळीकडे पुरं अस्तर. आणि रब्बीच्या पाण्याची पहिली पाळी शेवटच्या टोकापासून वर येईल, असं ते हळूहळू बोलत गेले. मी तिथेच पाटीवर हिशेब मांडला. पाणी पुरत होतं. थोडं ओढूनताणून, पण पुरत होतं.

लोकांनी माना डोलावल्या. आनंदाने नाही. वामनराव जागेश्वरशी न बोलता बंडीत जाऊन बसले.

नागपूरला वरच्या साहेबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मंजूर नकाशात बदल म्हणजे पुन्हा सह्या. पण सोबत चौदा विहिरींची पाच वर्षांची मापं होती. आमच्या विभागातून गेलेल्या परिणामांच्या त्या कागदांमध्ये निरंक नसलेला तो एकच होता, म्हणतात. सही झाली. काम दोन उन्हाळे चाललं.

दोन वर्षं वामनरावांनी जागेश्वरशी शब्द काढला नाही. जागेश्वर पूर्वीसारखेच टेंभरीला जायचे, पण डबा बांधून न्यायचे आणि नहराच्या काठावर एकटेच जेवायचे. मी एकदा म्हटलं, दुसऱ्या कोणाकडे जेवत जा. ते म्हणाले, "दुसऱ्याकडे कसं जेवू, साहेब? त्याइले वाईट वाटंन."

१९८२ च्या डिसेंबरात पहिली पाळी सुटली. आंबाडीची दारं बंद होती. पंचफुलाबाईंनी नहराच्या आपल्या दारासमोर नातवाला बसवून ठेवलं होतं, कोणी हात लावू नये म्हणून. जागेश्वर पाण्याच्या तोंडासोबत चालत निघाले, सायकल हातात धरून. नव्या सिमेंटवरून पाणी वाळलेली पानं आणि काटक्या ढकलत पुढे सरकत होतं. मी सहाव्या मैलाला त्यांना गाठलं. आठव्या मैलालाही पाणी होतं. दुपार कलताना पाणी टेंभरीच्या शिवारात शिरलं.

वामनराव बांधावर उभे होते. पाणी त्यांच्या चारीत वळलं, गव्हाच्या वाफ्यात पसरलं, ढेकळं विरघळू लागली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग आमच्याकडे न बघताच म्हणाले, "अमीन, हात धुऊन घे. जेवाले चाल."

त्या जेवणात वरण-भात होता आणि मिरचीचा ठेचा. त्यापेक्षा चांगलं जेवण मी आयुष्यात फार कमी जेवलो असेन.

सगळं जमून आलं असं मात्र नाही. आंबाडीच्या बारा विहिरी टिकल्या, दोन आटल्या. त्यातली एक गोपाळरावांची. त्यांच्या शेतापाशी मातीचा तळ संपून अस्तर सुरू होत होतं. गोपाळरावांनी आम्हा दोघांना माफ केलं नाही, आणि त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही. जागेश्वर निवृत्तीपर्यंत त्यांच्याकडे जात राहिले, विहीर खोल करण्याच्या अर्जाच्या मागे लागून. अर्ज मंजूर झाला तो ते निवृत्त झाल्यावर.

ते १९८६ साली निवृत्त झाले. दोन वर्षांनी मी त्यांना भेटायला तांडापेठेत गेलो. नाईक तलावाजवळच्या गल्लीत त्यांचं घर होतं. आजूबाजूच्या एक-दोन घरांतून अजून मागाची खटखट ऐकू येत होती. जागेश्वर आणखी वाकले होते. मला पाहून लगेच उठून उभे राहिले, जसे चौकीवर राहायचे. मी हाताला धरून बसवलं. त्यांनी पंचफुलाबाईंची विचारपूस केली, यंदा तलाव किती भरला ते विचारलं, नवा अमीन कसा आहे ते विचारलं. मी सांगत गेलो.

त्यांच्या पत्नी कौशल्याबाई बेसनाच्या पाटोडीचा रस्सा आणि भात घेऊन आल्या. ताट ठेवता ठेवता म्हणाल्या, "याइनं नऊ मैल पाणी पोचवलं म्हनतात, साहेब. अन् आमच्या घरी नळ पहाटे येते, तवा बादल्या भराले मीच उठतो. हे झोपून राह्यते."

जागेश्वर खुदकन हसले. "तुयी पाळी आहे वं ती," ते म्हणाले. "मी कशी मोडू?"

कौशल्याबाईंनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं, मग त्याही हसू लागल्या, आणि मला म्हणाल्या, "घ्या साहेब, रस्सा थंडा होऊन राहिला."