पाहुणा जेवेना

मला इंग्रजी येतं असं मी मुलाखतीत सांगून बसलो होतो. त्याची शिक्षा मला सहा वर्षांनी मिळाली. नव्वदच्या दशकाची अखेर होती आणि वसईजवळ गोखिवऱ्याला प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होतो. शेठनं कोरियाहून एक जुनं मशीन आणलं आणि ते बसवायला तिथलाच एक फिटर आला. साठीच्या घरातला, बुटका, रोज इस्त्रीचा शर्ट घालणारा. तीन आठवडे राहणार होता. पहिले चार दिवस त्याला हॉटेलात जेवू घातलं आणि तेलामसाल्यानं त्याच्या पोटाची पार वाट लागली. पाचव्या दिवशी तो केळी आणि पावावर आला, आणि संध्याकाळी मशीनपाशी चक्कर येऊन खाली बसला.

शेठनं मला केबिनमध्ये बोलावलं. "उद्यापासून साहेब तुमच्याकडे जेवणार. त्याला घरचं खाणं पाहिजे. तो काम अर्धवट टाकून गेला ना, तर मशीन भंगार. आणि मशीनच नाय चाललं तर मला स्टोअरवाला कशाला पाहिजे?" हे त्यांनी हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

शेठच्या भाच्याचा एक रिकामा फ्लॅट नवघरला आमच्या इमारतीपासून दोन गल्ल्यांवर होता. पाहुण्याची सोय तिथं केली, त्यामुळे त्याला रोज बसनं नेण्याआणण्याचं कामही माझ्याच गळ्यात आलं. शेठची गाडी शेठच्या घरच्यांनाच पुरत नव्हती.

आमच्या स्टॉपवर बस आली की काय करायचं ते लहान पोरालाही ठाऊक होतं. बस थांबायच्या आधीच खिडकीतून रुमाल आत टाकायचा, मग दारातून घुसायचं. रुमाल पडला ती जागा आपली. पहिल्या दिवशी मी पाहुण्यासाठी असाच नेम धरून रुमाल टाकला. गर्दीनं पाहुण्याला माझ्या आधीच आत ढकललं. मी धापा टाकत पोचलो तर हे गृहस्थ माझ्या रुमालाची व्यवस्थित चौकोनी घडी घालून उभे. कुणाचा तरी राहिलाय असं त्यांना वाटलं होतं. माझा आहे म्हटल्यावर त्यांनी तो दोन्ही हातांनी, कमरेत वाकून मला परत केला. जागेवर भाजीची पाटी घेतलेली एक म्हातारी बसली होती. तिला यांनीच बसवलं होतं.

"तू पन दमलेला दिसतोस रे बाबा, बस ना," म्हातारी त्याला म्हणाली. तो हसून आणखी एकदा वाकला. आम्ही दोघं गोखिवऱ्यापर्यंत लोंबकळत गेलो.

दुसऱ्या दिवशी तो रांगेत उभा राहिला. रांग म्हणजे तो एकटाच. दोन बस त्याच्यासमोरून भरून गेल्या. तिसऱ्या बसमध्ये एक जागा खरोखरच मोकळी होती, तर त्यानं सीटच्या पाठीवर रंगवलेली अक्षरं दाखवून काय लिहिलंय म्हणून विचारलं. मी मूर्खासारखं खरं सांगितलं की ही जागा आमदारांसाठी राखीव आहे. झालं. आमदार पुढच्या स्टॉपवर चढले तर, या काळजीनं तो बसेना. मी चढ्या आवाजात समजावू लागलो, तर त्यानं ओठांवर बोट ठेवलं. त्यांच्याकडे म्हणे बसमध्ये मोठ्यानं बोलत नाहीत. माझ्याच गावच्या बसमध्ये मला गप्प बसवणारा हा कोण, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

पण बसचं एक वेळ परवडलं. खरा छळ जेवणाचा होता.

पहिल्या संध्याकाळी बायकोनं मिरची हात राखून घातली होती. मऊ भात, तळलेली सुरमई, सोलकढी. ताटं वाढून झाली. पाहुणा मांडी घालून ताठ बसला आणि ताटाला हातच लावेना. खा म्हटलं, बायकोनं खुणेनं सांगितलं, मी स्वतः पहिला घास घेऊन दाखवला. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. तिथं आई उभी होती.

"मदर ओल्ड," तो म्हणाला. "मदर फर्स्ट."

आई तेव्हा बहात्तर-त्र्याहत्तरची असेल. ती सगळ्यांच्या शेवटी, आत ओट्याकडे तोंड करून जेवायची. कोकणातल्या घरी ती तशीच जेवत आली होती आणि फ्लॅटमध्ये आल्यावरही त्यात बदल करावा असं आमच्यापैकी कुणाला वाटलं नाही. तिला त्याचं म्हणणं सांगितलं तर ती तोंडावर पदर धरून म्हणाली, "काहीतरीच. पाहुण्याच्या आधी मी जेवू? मी मागाहून बसेन."

भात गार झाला. शेवटी आमचं मन राखायला त्यानं दोन चमचे भात खाल्ला, हात जोडले आणि गेला. दुसऱ्या संध्याकाळी मी ठोकून दिलं की आईचं आधीच झालंय. हा हात धुवायला आत गेला आणि पालथं घातलेलं आईचं कोरडं ताट बघून आला. पुन्हा दोन चमचे. तिसऱ्या दिवशी कारखान्यात तो पाना खाली ठेवून मशीनला टेकून बसलेला मी पाहिला. शेठनं विचारलं, "जेवतो ना नीट?" मी हो म्हणालो. मला त्या माणसाचा राग येत होता आणि आईचा त्याहून जास्त. एक घास आधी खाल्ला तर तिचं काय बिघडणार होतं?

सुट्टीच्या दिवशी पाहुण्यानं सांगितलं की आज स्वयंपाक मी करणार. त्याला घेऊन वसईच्या बाजारात गेलो. त्यानं कोबी, मुळे, आलं, लसूण, पातीचा कांदा घेतला. सुकी मासळी विकणारीपुढे तर तो उकिडवाच बसला आणि जवळा नाकाशी नेऊन डोळे मिटून राहिला. त्याच्या घरी असलाच वास येत असावा. मला एवढंच दिसत होतं की ऊन चढतंय आणि परतीची बस चुकणार.

घरी त्यानं ओटा ताब्यात घेतला. कोबीला मीठ चोळून ठेवलं, मग लसूण, आलं, तिखट आणि कुटलेला जवळा लावून परातीत कालवला. आमच्या तिखटानं त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या तरी थांबेना. मुळा आणि जवळ्याचं पातळ सार केलं. आणि हे सगळं चिरलं ते विळीनं नाही, सुरीनंही नाही, पिशवीतून आणलेल्या लांब कात्रीनं. "कात्री? जेवणात?" बायको माझ्या कानाशी पुटपुटली. "हे गेल्यावर परात मी दोनदा घासणार आहे." आपल्याला हे रुचेल न रुचेल म्हणून तिनं भाकऱ्याही टाकल्या.

ताटं मांडली. त्यानं पहिलं ताट दोन्ही हातांनी उचलून दारात उभ्या असलेल्या आईसमोर धरलं, जमिनीवर ठेवलं आणि स्वतः समोर बसला. चमच्याला हात नाही. आई मागं सरली. तेव्हा माझा तोल गेला. "आई, बस ना एकदाची. तुझ्यापायी माझी नोकरी जाईल," मी ओरडलो. पाहुण्यानं या वेळी बोट ओठांवर ठेवलं नाही. तो खाली बघत राहिला. आई बसली.

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, कोबीला लावून तोंडात घातला. मी पाहुण्याकडे बघत होतो, आता उचलतो का चमचा म्हणून. तो मात्र आईकडे बघत होता. तिनं घास इकडून तिकडे घोळवला, पुष्कळ वेळ घोळवला, आणि मग पदर तोंडाशी नेऊन हळूच त्यात काढून घेतला.

पाहुणा उठला. कात्री धुऊन आणली. आईच्या ताटातली भाकरी त्यानं बारीक बारीक कातरून वाटीत टाकली, कोबी कातरला, मुळा कातरला आणि वरून गरम सार ओतलं. वाटी पुन्हा दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवली. आईनं ती संपवली. मग तिनं वाटी पुढे केली आणि म्हणाली, "अजून थोडं घाल."

आईनं अजून मागितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"आई, दाढांचं काय झालं?" मी विचारलं.

"गेल्या. दोन्हीकडच्या."

"कधी?"

"झाल्या दोन दिवाळ्या. भाकरी पाण्यात घालून ठेवते मी. होते मऊ."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही जेवून उठलेले असता," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

मोठ्या माणसाचं सुरू झालं म्हणून पाहुण्यानं आता चमचा उचलला आणि आठवडाभराची भूक एका बैठकीत भागवली. बायको त्याला वाढत राहिली. माझी नोकरी त्या दुपारी वाचली. माझ्या ताटातली भाकरी तशीच होती. मला भाकरी कडक लागते, म्हणून आमच्या घरात ती रोज कडकच व्हायची.