शरदचं अडलेलं तुरुतुरु

सकाळी अकराला शरदच्याच नंबरावरून फोन आला, म्हणून उचलताच मी म्हणालो, "हं, वाच." पलीकडे त्याच्या शेजारच्या वहिनी होत्या. "काका गेले हो... झोपेतच." मी माजिवड्यात, तो डोंबिवलीत. तीस वर्षं एकाच शाळेत आम्ही इंग्रजी शिकवलं आणि निवृत्तीनंतर रोज अकराला फोनवर भांडलो. आता महिना होऊन गेला. अकरा वाजले की मला घरात काय करावं ते अजून सुचत नाही.

त्याची बायको कमल ठाण्याच्या कोळीवाड्यातली. जाण्यापूर्वी तिने लहानपणीच्या आठवणी एका वहीत लिहून ठेवल्या होत्या. आयर्लंडमध्ये वाढलेल्या सईला, त्यांच्या नातीला, मराठी मोडकंतोडकं बोलता येतं, वाचता येत नाही. तिच्यासाठी शरद त्या वहीचं इंग्रजी करत होता. त्याची पद्धत मोठी छळवादी. इंग्रजी वाक्य तो मला ऐकवायचा आणि मूळ न बघता मी त्याचं पुन्हा मराठी करायचं. कमलचाच शब्द परत आला तर पास, नाहीतर नापास! मास्तरकी काही सुटली नव्हती गड्याची.

एका वाक्यापाशी मात्र घोडं अडलं. कमलची आई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बंदरावरून तुरुतुरु यायची. त्याने 'स्करीड' वाचलं, मी म्हटलं, "पळत सुटली." 'ट्रिप्ड'वर मी म्हटलं, "ठुमकत आली." "अरे, डोक्यावर पाटी आहे तिच्या! ठुमकतेय काय?" तो ओरडला आणि रागाच्या भरात मूळ वाक्यच वाचून बसला. पेपर फुटला. मग, मी विसरेपर्यंत थांबायचं, असं आमचं ठरलं. आठवड्याने त्याने 'पॅटर्ड' आणलं. मला नुसती टपटप पावलं ऐकू आली. पण मी कंटाळलो होतो, आणि शब्द काही विसरलो नव्हतो. "तुरुतुरु," मी म्हणालो. "आली रे! कमलची आई आली!" तो लहान मुलासारखा हसला. तिसऱ्या दिवशी तो गेला... ते हसू मी फसवून मिळवलं, याची मला लाज वाटते.

परवा सईचा फोन आला. "काकाआजोबा, आजीची वही प्रिंटला देऊ ना?" मी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "पण आजोबा हॅपी होते ना त्या दिवशी? मग राहू दे ना."

राहू देणं मला जमेना. काल डोंबिवलीच्या खाडीवर जाऊन बसलो. ओहोटीच्या चिखलात खेकडे धावत होते. अंग जराही डुलत नव्हतं, पायांची मात्र कोण घाई! डोक्यावर पाटी असलेली बाई अशीच चालणार. इंग्रजीत खेकड्यांच्या या धावण्याला 'स्कटल' म्हणतात. 'स्कटल्ड'... शब्द मिळाला आणि मी खिशातला फोन काढला. ऐकवणार कोणाला? मला तर उत्तर ठाऊक होतं, आणि उलट मराठी करायला लावून 'नापास' म्हणणारा तो एकच होता.

घरी येऊन सईला लिहिलं, "'पॅटर्ड' काढ, 'स्कटल्ड' घाल. हा शब्द मी एकट्याने ठरवलाय. चुकलाही असेल."