चार कपांचा एक कप

शहराबाहेर बेसाला राहायला आल्यापासून आमच्या घरी सर्दी-ताप मुक्कामालाच होते. मग मी रोज सकाळी बोअरच्या पाण्यात गुळवेल, तुळस, आलं घालून काढा करायला लागले. चार कप पाणी उकळून एक कप करायचं आणि नाक मुरडेल त्याला फैलावर घ्यायचं.

वर्षभराने मीच तिसऱ्यांदा तापाने फणफणले. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"बोअरचं. पण चांगलं उकळते हो!"

"उकळून जंतू मरतात. शिशासारखे धातू असले तर ते जात नाहीत, पाणी आटलं की उलट दाट होतात. त्यांनी प्रतिकारशक्ती कमी होऊ शकते. पाणी तपासून घ्या."

पाणी नापास झालं. म्हणजे प्रतिकारशक्तीच्या नावाखाली मी घरादाराला बोअरचा अर्क पाजत होते!

"मले तं काहीच नाही झालं," नवरा म्हणाला. खरंच, त्याला वर्षभरात साधी शिंक आली नव्हती.

"काहून बरं?" मी विचारलं.

तो बाल्कनीतल्या जास्वंदीकडे बघायला लागला. ती वाळली म्हणून मी नर्सरीवाल्याशी दोनदा भांडून आले होते.