उभे राहण्याजोगे बूट : मुखेड, नांदेड, लातूर, तीन दिवस

लोक नांदेडला दर्शनासाठी जातात आणि लातूरला मुलांच्या शिकवणीसाठी. मी एका सोमवारी सकाळी मुखेडहून निघालो तो काळ्या बुटांसाठी. ज्यांची टाच दुखते आणि ज्यांना तरीही दिवसभर नीटनेटके उभे राहावे लागते, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे वर्णन लिहीत आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. लेखनात काही अशुद्ध आढळल्यास तो दोष मोबाईलचा समजावा.

माझे वय सदुसष्ट. मुखेडच्या एका कापड दुकानात मी सत्तेचाळीस वर्षे विक्रीच्या कामावर आहे. आमचे दुकान गादीचे होते. जमिनीवर पांढऱ्या चादरीची गादी अंथरलेली असे. गिऱ्हाईक तिच्यावर मांडी घालून बसे आणि आम्ही समोर कापडाचे ठाण उलगडत असू. मालक असो की गिऱ्हाईक, पायताण उंबऱ्याबाहेर. हा नियम कोणी लिहून लावलेला नव्हता, कारण तो मोडणारा कोणी नव्हता.

धाकट्या शेठनी ते दुकान पाडून काचेचे शोरूम बांधले. बांधकामाचे आठ महिने आम्ही मागच्या गोदामात, सिमेंटच्या फरशीवर, अनवाणी उभे राहून माल विकला. तेव्हापासून माझी डावी टाच दुखते. सकाळी अंथरुणातून उठल्यावरची पहिली दहा पावले खिळ्यांवरून टाकल्यासारखी पडतात. मग थोडा आराम मिळतो, आणि सायंकाळी पुन्हा तेच. ही गोष्ट मी कोणासही सांगितली नव्हती.

शुक्रवारी शोरूमचे उद्घाटन होते. आदल्या आठवड्यात धाकट्या शेठनी सर्वांना जमवून सांगितले की यापुढे विक्रीवरच्या प्रत्येकाने काळे बूट घालायचे. चप्पल, सँडल चालणार नाही. नंतर मला बाजूला घेऊन ते म्हणाले, “काका, तुम्ही लंगडताय.”

“नाही,” मी म्हणालो.

“दाराजवळ तुमच्यासाठी खुर्ची ठेवतो. येणाऱ्याला बसून नमस्कार करायचा, बस्स. पगार तोच.”

“बसून नमस्कार करणे योग्य नाही,” मी म्हणालो.

“मग शुक्रवारी बुटांत दिवसभर उभे राहून दाखवा. जमलं तर काउंटर तुमचं. नाही जमलं तर खुर्ची.”

खुर्ची मी पाहिली होती. मंडपवाल्याकडील, सोनेरी खोळ घातलेली. तिच्यावर नवरदेव शोभतो. मी तीन दिवसांची रजा मागितली. पत्नीला कामानिमित्त नांदेडला जात आहे असे सांगितले. ती म्हणाली, “जा. पिशवीत सुंठ-तेलाची बाटली टाकली हाय.” तेल कशासाठी, हे मी विचारले नाही.

पहिला दिवस. मुखेडहून नांदेडला नरसी-नायगाव मार्गे जाणारी एस.टी. सकाळी लवकर मिळते. अडीच तास धरून चालावे. पासष्ट वर्षांवरील प्रवाशास अर्धे तिकीट पडते. ओळखपत्र वाहकाने मागण्याआधीच दाखवावे, म्हणजे त्याला संशय घेण्याची संधी राहत नाही. टाचदुखी असलेल्यांनी मागच्या चाकावरील आसन टाळावे.

नांदेडात वजिराबाद भागात बुटांची मोठी दुकाने आहेत. मी त्यांतील एका स्वच्छ दुकानासमोर चपला काढल्या व आत गेलो. विक्रेत्याने चांगले स्वागत केले. त्याने बारा जोड दाखवले आणि एकदाही कपाळावर आठी आणली नाही, हे मी व्यवसायबंधू म्हणून नमूद करतो. आठ नंबरचा निमुळत्या टोकाचा चकचकीत जोड मी बाकावर बसून पायांत घातला. तो उत्तम दिसत होता.

“उभं राहून बघा की, काका. चार पावलं टाका.”

“दुकानात पायताण घालून उभे राहणे मला जमणार नाही.”

“काका, हे बुटाचंच दुकान हाय.”

“दुकान ते दुकान,” मी म्हणालो. भिंतीवर लक्ष्मीची तसबीर होती, तीही मी त्याला दाखवली.

तो थोडा वेळ तसबिरीकडे व थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. “म्हंजे घेतल्यावर बी बसूनच वापरणार का?”

मी पैसे दिले, पावती घेतली, बूट हातात धरून बाहेर आलो व रस्त्यावर येऊन घातले. चपला पिशवीत ठेवल्या. तेथून गुरुद्वारा फार दूर नाही. नांदेडला येऊन दर्शन न घेता परतणे बरे नव्हे, म्हणून चालत निघालो. पहिल्या चौकात करंगळी चेपू लागली. दुसऱ्या चौकात टाचेतून कळ गुडघ्यापर्यंत आली. तिसऱ्या चौकात मी एका रसवंतीपाशी थांबलो व तहान नसताना दोन ग्लास रस प्यालो.

गुरुद्वाऱ्यात शिरण्यापूर्वी जोडाघर लागते. तेथे पायताण जमा करून बिल्ला मिळतो. ज्यांनी ही जागा पाहिली नाही, त्यांनी ती अवश्य पाहावी. पलीकडे माझ्याच वयाचे, पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ उभे होते. हातात जाड सोन्याचे कडे, अंगात कडक इस्त्रीचा झब्बा. येईल त्याचे पायताण ते दोन्ही हातांनी घेत होते. चिखलाची चप्पल आणि माझे नवे बूट, दोन्ही सारख्याच रीतीने. मी बूट खाली ठेवू लागलो, तर त्यांनी ते माझ्या हातातून घेतले. मला संकोच वाटला. आयुष्यात माझे पायताण दुसऱ्या पुरुषाने कधी उचलले नव्हते आणि मी दुसऱ्याचे उचलले नव्हते.

दर्शन झाले. लंगरमध्ये पोळी, डाळ व खीर मिळाली. बसायला सतरंजी होती, त्यामुळे टाचेस विसावा मिळाला. परत आलो तेव्हा त्या गृहस्थांनी बूट पुसून ठेवले होते.

“बाबाजी,” ते म्हणाले, “हा जोडा तुमच्या पायाचा नाही.”

मी खिशातून पावती काढून दाखवली.

ते हसले नाहीत. “पावती बरोबर आहे. पाय वेगळा आहे. रोज एवढे जोडे हातातून जातात, कळतं. एका तासात जोडा करंगळीच्या जागी फुगला बघा.” मग त्यांनी लातूरला गंजगोलाईजवळच्या एका गल्लीत हाताने बूट शिवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे जायला सांगितले. “माझ्या वाकड्या अंगठ्याचे बूट त्यांनीच केले.”

मी वजिराबादेत परत गेलो. रस्त्यावर चाललेले बूट परत घेत नाहीत, असे विक्रेत्याने नम्रपणे सांगितले. नियम योग्य आहे. आम्हीही कापलेले कापड परत घेत नाही. रात्री यात्रीनिवासात मुक्काम केला. खोली साधी व स्वच्छ आहे. पत्नीच्या तेलाची बाटली उपयोगी पडली.

दुसरा दिवस. नांदेड ते लातूर लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गे साडेतीन तास लागले. अहमदपूरला गाडी दहा मिनिटे थांबते. भजी गरम होती. मी खिडकीतूनच मागवली, कारण उतरणे म्हणजे पुन्हा चढणे. शेजारच्या प्रवाशाने विचारले, “लातूरला पोराला क्लास लावायचाय का?” मी म्हणालो, “बूट घ्यायचे आहेत.” त्याने तोच प्रश्न पुढच्या आसनावरील प्रवाशास विचारला.

गंजगोलाई म्हणजे लातूरची गोल बाजारपेठ. मध्यभागी देवीचे मंदिर असून चहूबाजूंनी रस्ते फुटतात. चुकीच्या रस्त्याने गेल्यास गोलाईस पुन्हा फेरी घालावी लागते. मी तीन फेऱ्या घातल्या. दुकान लहान होते, चामड्याच्या व डिंकाच्या वासाचे. बाई पन्नाशीच्या, कपाळाला चष्मा लावलेल्या. मी चपला बाहेर काढून आत गेलो व नांदेडचे बूट पुढे ठेवले.

त्यांनी बुटांकडे पाहिलेच नाही. माझ्या पायांकडे पाहिले. “दुपारी कशाला आलात? पाच वाजता या. दुपारचा पाय अजून खोटं बोलतो. दिवसभर उभं ऱ्हायलेला पाय खरं सांगतो.”

मी खानावळीत ज्वारीची भाकरी, वरण व शेंगदाण्याची चटणी जेवलो. लातूरचे तुरीचे वरण प्रसिद्ध आहे व ती प्रसिद्धी खोटी नाही. पाच वाजता परत गेलो.

“कुठं दुखतंय?” बाईंनी विचारले.

“दुखत नाही. बूट हवेत.”

“दुखत न्हाई तर हेच घाला की. चांगले चकचकीत हायेत.”

मी नांदेडचे बूट पिशवीत घातले व पुन्हा बाहेर काढले. त्यांनी सुईत दोरा ओवला. त्यांना घाई दिसत नव्हती.

“टाच,” मी म्हणालो. “डावी. सकाळी जास्त.”

“हां. आता बोलला पाय.” त्या जमिनीवर बसल्या व माझ्या पायास हात लावू लागल्या. मी पाय मागे घेतला. अनोळखी स्त्रीने पायास हात लावणे मला प्रशस्त वाटले नाही.

“बाबा, म्या पाया पडायले न्हाई, माप घ्यायले! गप बसा.”

त्यांनी वर्तमानपत्र पसरले. अक्षरांवर पाय ठेवणार नाही, असे मी सांगितले. “पुठ्ठा चालंल का?” “कोरा असल्यास.” त्यांनी बुटांच्या खोक्याचा कोरा पुठ्ठा ठेवला व मला बसवून पेन्सिलीने पावलाभोवती रेघ मारली. मग उभे करून दुसरी रेघ मारली. दोन रेघांमध्ये करंगळीएवढे अंतर होते. मी सत्तेचाळीस वर्षे कापड मोजत आलो. कापड ताणून मोजले तर गिऱ्हाईक फसते. पाऊल मात्र अंगाच्या भाराने ताणल्याशिवाय मोजले तर पावलाचा धनीच फसतो. हे मला त्या दिवशी समजले.

बाईंनी सांगितलेल्या गोष्टी वाचकांसाठी येथे देतो. बूट पुढच्या बाजूस अंगठाभर मोकळा हवा. तो बोटांपाशी वाकावा, मधोमध वाकू नये. टाचेमागची बाजू ताठ हवी. नाडीचा बूट घ्यावा, कारण पाय सायंकाळी फुगतो तेव्हा नाडी सैल करता येते. जे मोजे घालणार तेच नेऊन माप द्यावे. आणि टाच दुखत असल्यास घरातही फरशीवर अनवाणी फिरू नये. हे शेवटचे मी ऐकून घेतले.

रात्री साध्या लॉजवर राहिलो. बुधवारी दुपारी बूट तयार झाले. काळे, साधे, रुंद पण तसे न दिसणारे. आत टाचेखाली त्यांनी मऊ चामड्याची गादी शिवली होती व दुखऱ्या जागी तिला खोलगट केले होते.

“घाला अन् चाला.”

“येथे नाही,” मी म्हणालो.

त्यांनी कारण विचारले व मी ते सांगितले, शुक्रवारच्या उद्घाटनासह. त्या उठल्या, बूट घेतले व गल्लीत जाऊन उभ्या राहिल्या. “या रस्त्यावर. हितं तर लक्ष्मी न्हाई ना?”

मी रस्त्यावर बूट घातले व गोलाईला एक पूर्ण फेरी मारली. कापडवाले, भांडीवाले, फळवाले पाहत होते. मी हात मागे बांधून चाललो. कळ आली नाही. दुसरी फेरी आवश्यक नव्हती, तरी मारली.

परत आल्यावर बाई म्हणाल्या, “बाबा, एक सांगा. परवा तुमच्या दुकानात उभं ऱ्हायचंय ना? तिथं आत रस्ता कुठून आणणार?”

बसची वेळ झाली आहे असे मी म्हणालो. बसला पाऊण तास अवकाश होता.

परतीचा प्रवास उदगीर मार्गे केला. उदगीरच्या स्थानकावर माझे मेहुणे भेटण्यास आले होते. नांदेडचे बूट त्यांना नेमके बसले. त्यांनी ते स्थानकावर उभे राहून घालून पाहिले होते. संपूर्ण वाटभर, जांबपर्यंत व जांबच्या पुढेही, मी बाईंच्या प्रश्नाचा विचार करत होतो. बूट मिळाले होते, परंतु ते घालून उंबरा ओलांडणारा मनुष्य मिळाला नव्हता.

शुक्रवारी पूजा झाली. पूजेस सर्व अनवाणी होते. नंतर सर्वांनी बूट घातले व आत गेले. मीही घातले व काचेच्या दाराबाहेर उभा राहिलो. आत दाराजवळ सोनेरी खुर्ची तयार होती. धाकट्या शेठनी काचेआडून दोनदा हात केला. मी त्यांना दोनदा नमस्कार केला. उभ्याने.

तेवढ्यात आमच्या जुन्या गिऱ्हाईक बाई आल्या. दर लग्नसराईस लुगडी घ्यायला त्या माझ्याकडेच येतात. त्यांनी नेहमीप्रमाणे दाराशी चपला काढल्या व गुळगुळीत, थंड फरशीवर पाऊल ठेवले. चौथ्या पावलाला त्या लंगडल्या. ते लंगडणे मी ओळखले.

“अगं बया, गादी कुठं गेली? भाऊ, फरशी टाचंला डसायली की हो!” त्या मागे वळून मोठ्याने म्हणाल्या. त्यांना हे सांगायला आठ महिने लागले नाहीत. “अन् तुमी बूट घालून भायेर, म्या अनवाणी आत. समदं उलटंच झालंय!”

मी वाकलो, त्यांच्या चपला दोन्ही हातांनी उचलल्या, आत नेल्या व त्यांच्या पावलांपुढे ठेवल्या. सत्तेचाळीस वर्षांत गिऱ्हाईकापुढे मी पुष्कळ काही ठेवले होते. चपला प्रथमच. सरळ उभा राहिलो तेव्हा ध्यानात आले की मी बुटांसह शोरूमच्या मध्यभागी उभा आहे.

“घाला, बाई. येथे आता चालते,” मी म्हणालो व सोनेरी खुर्ची त्यांच्यासाठी ओढली. त्या ऐसपैस बसल्या. मी काउंटरमागे गेलो व ठाण उलगडले. त्यांनी एकोणीस लुगडी पाहिली व दोन घेतली. त्यांचे बिल धाकट्या शेठनी स्वतः केले. खुर्ची आता गिऱ्हाइकांसाठी आहे आणि अजून दोन मागवल्या आहेत.

सायंकाळपर्यंत काउंटरमागे उभा राहिलो व घरी आलो. बूट उंबऱ्याबाहेर काढले. तेथे मात्र नियम तोच आहे. पत्नीने विचारले, “दुखलं का?”

“थोडे,” मी म्हणालो. “डावी.”

“डावी व्हय,” ती म्हणाली. “रोज सकाळी दहा पावलं मोजायले मी. आज आठच निघाली.” आणि तिने घरात घालायच्या नव्या मऊ सपाता माझ्यापुढे ठेवल्या. त्या तिने सोमवारीच आणून ठेवल्या होत्या.