फाटकावरचं कीर्तन

बडोद्याच्या घडियाळी पोळ या जुन्या गल्लीत राहणाऱ्या अहल्याबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि वडिलांचं कीर्तन त्यांनी पुढे चालवलं. आवाज असा खणखणीत, की देवळात माइक लावला तर लोक हात जोडून तो बंद करायला सांगत.

दर रविवारी कीर्तनाला पुढे बसणारी लीला महिनाभर दिसली नाही, तेव्हा बाई तिच्या घरी गेल्या. लीला वाघोडियाच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती.

"ठेकेदारानं आमची आधार कार्डं कपाटात कुलूप लावून ठेवलीत, बाई. रविवारीही बोलावतो. काम सोडते म्हटलं तर कार्ड देत नाही."

अशा चौदाजणी होत्या. हिंदू, मुसलमान, ख्रिस्तीही.

दुसऱ्याच दिवशी बाई मशिदीत मौलाना यासीनभाईंना भेटायला गेल्या. जन्म या शहरात गेला, तरी त्या पायऱ्या त्या पहिल्यांदाच चढत होत्या.

"आवो बेन," मौलाना म्हणाले. "आमची झुबेदाही त्या चौदाजणींत आहे. तिची आई कालच इथं रडून गेली." त्यांनी लगेच चर्चच्या फादर मॅकवानांना फोन लावला.

गुरुवारी फादरांच्या खडखडत्या जीपमधून तिघं वाघोडियाला पोचले. ठेकेदारानं चहा मागवला आणि एकेकाला आत नेलं. बाईंना हळूच म्हणाला, "तुमच्या बायकांची कार्डं घेऊन जा. बाकीच्यांच्या भानगडीत कशाला पडता?"

बाहेर येऊन बघतात, तर तिघांनाही त्यानं हेच ऐकवलेलं! फादर इतके हसले, की चहा झब्ब्यावर सांडला.

"चौदाच्या चौदा हवीत," म्हणत बाई पदर खोचून फाटकाशी उभ्या राहिल्या. पाळी सुटत होती. त्यांनी निरूपणच सुरू केलं, "माणसाला अडकवून करून घेतलेलं काम कुठल्या देवाला रुजू होईल?" शेजारच्या कारखान्यांतले कामगारही जमले. मौलाना यादीतलं एकेक नाव पुकारत. फादर विचारत, "हिचं कार्ड कुठंय?" सगळी गर्दी ओरडे, "कपाटात!"

नवव्या नावाला ठेकेदार स्वतःच पिशवी घेऊन धावत आला. रविवारची सुट्टीही कबूल करून गेला.

लीलानं ती नोकरी सोडली. ती आता सावली गावातल्या दुसऱ्या कारखान्यात कामाला जाते. आणि तिघांचं जमलं ते जमलंच. यंदा विसर्जनाच्या दिवशी मिरवणूक मशिदीपाशी अडवणार अशी भलतीच अफवा पोळीत उठली, तेव्हा तिघं मशिदीच्या नाक्यावर खुर्च्या टाकून गप्पा मारत बसले. त्यांना पाहून मिरवणूक वाजतगाजत पुढे गेली, आणि मौलाना नमाजाला उठले.