लटारूभाऊची पसंत आणि माझी दुरुस्ती

विकायला काढलेली मोटार दुरुस्त करू नये. एवढी साधी गोष्ट कळायला मला एक गिरणी आणि बायकोच्या नजरेतली उरलीसुरली किंमत गमवावी लागली.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात मोटार एकच, ती माझी. लढाईत वापरून लष्करानं लिलावात काढलेली. (लष्कराचं तिच्याबद्दल काय मत होतं, ते तेव्हाच ओळखायला हवं होतं!) ती चालू झाली की तीन कोसांवर कळायचं आणि गावातले बैल दावं तोडायचे. ती विकून धान भरडायची गिरणी घ्यायची, असं मी आणि माझ्या बायकोनं, सुभद्रानं, ठरवलं होतं. ब्रह्मपुरीचा एक व्यापारी त्याची जुनी गिरणी कापणीच्या आत विकून टाकणार होता. मुसळ उचलून सुभद्राच्या खांद्याला कायमची कळ लागली होती. गिरणीच्या बयाण्याचे, म्हणजे इसाराचे पैसे तिनं धानाच्या ढोलीत जपून ठेवले होते.

गिऱ्हाईक आपल्या पायांनी आलं. लटारूभाऊ, जंगलातला बांबूचा ठेकेदार. त्यानं मोटार चालू करायला लावली, डोळे मिटून ऐकली आणि विचारलं, "हे रोजच एवढी वरडते काय?"

मी शरमेनं मेलो. "थोडीशी," म्हणालो.

"पंधरा दिवसांनी नगद घेऊन येतो," एवढं बोलून तो गेला.

तो गेल्याबरोबर सुभद्राचा भाऊ, माझा साळा दौलत पुढे सरसावला. या गृहस्थानं नागपूरच्या एका मोटार कारखान्यात दोन महिने झाडू मारला होता, त्यामुळे मोटारीतलं त्याला सगळं कळायचं.

"भाऊजी, इंजिन खोला! रिंगा, बेरिंगा, सायलेन्सर, सगळं नवं टाका. आवाज गेला का दुप्पट भाव!"

"अवो," सुभद्रा आतून म्हणाली, "मानूस घेतो म्हणून गेला ना? मग आता तिले हात लावू नका. पोरगी पसंत पडल्यावर कोनी तिचं नाक बदलवते काय?"

"तुले मोटारीतलं काय समजते?"

"मोटारीतलं नाई समजत. दौलतले जेवढं समजते तेवढंच तुमाले समजते, हे बराबर समजते."

एवढं ऐकल्यावर कोणता नवरा बायकोचं ऐकेल? मी ढोलीतून बयाणा काढला आणि मोटार चांद्याच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं इंजिन उघडून 'च् च्' केलं. (मिस्त्री आणि वैद्य 'च् च्' करू लागले की आपण घरी निघून जावं. मी बसलो!) सायलेन्सर बदलला, तर रिंगा गेलेल्या निघाल्या. रिंगा बदलल्या, तर बेरिंग. मग दौलत म्हणाला, आतून नवी आणि बाहेरून भिकारीण, बरं दिसत नाही. म्हणून हिरवा रंगही दिला. बयाणा संपला, आणि उरलेल्या पैशांपोटी माझी सायकलही मिस्त्रीकडेच राहिली.

पंधराव्या दिवशी लटारूभाऊ कमरेला पैशांची थैली बांधून आमच्या ओट्यावर बसला होता. मी ऐटीत मोटार आणली ती थेट त्याच्या पाठीमागे. त्याला पत्ताच नाही! भोंगा वाजवला तेव्हा तो ओट्यावरून खाली पडला.

"मोटार कुठी हाय?" धूळ झटकत त्यानं विचारलं.

"ही काय!"

त्यानं प्रदक्षिणा घातली. बोनेटला कान लावला. चेहरा उतरला. "हे ते नव्हे. बदलवली तुमी. मले ठगवता?"

"अहो तीच आहे! तुमच्यासाठी आवाज काढून टाकला."

"काऊन काढला?" लटारूभाऊ असा ओरडला, की जुनी मोटार परवडली. "जंगलात मानसं दोन-दोन कोस पांगून बांबू तोडून राह्यले असते. मोटार वरडली का समदे आपोआप नाक्यावर जमते. वाघ-अस्वल वाट सोडते. त्या आवाजासाठी तर घेत होतो मी! हे मुकी घेऊन मी का घरोघरी हाका मारत फिरू?"

दौलतनं तिथल्या तिथे सायलेन्सर सैल केला. पण इंजिन आता इतकं तंदुरुस्त होतं, की पडसं झालेल्या माणसासारखं नुसतं घुरघुरलं. लटारूभाऊनं माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं, की दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"थैली वापस काय न्यावं," म्हणाला, आणि वाटेत ब्रह्मपुरीला थांबून त्यानं ती गिरणी घेतली. होय, तीच!

सुभद्रानं दोन दिवस मुसळानं धान कांडलं. तिसऱ्या दिवशी खांद्याला तेल चोळत एवढंच म्हणाली, "आता दौलतले विचारा, मुसळाले कोनता रंग द्यावं." मला खरोखर लाज वाटली. तिच्या खांद्याचं सुख मी सायलेन्सरमध्ये घातलं होतं.

कापणी झाली आणि लटारूभाऊचा निरोप आला. गिरणीवर धान आणायला मोटार हवी होती, भाड्यानं. बिनआवाजाची चालेल, बैल बुजत नाहीत. सुभद्राचं धान फुकट भरडून द्यायच्या अटीवर मी कबूल झालो. मालक व्हायला निघालो होतो, त्या गिरणीवर हंगामभर मी दारोदार हाका मारत मोटारीतून पोती वाहिली. मोटारीबद्दल एकही तक्रार आली नाही. ज्या आल्या त्या सगळ्या ड्रायव्हरबद्दल होत्या: फार वरडते म्हणे!