वर्न स्काटेनाची जीभ

पेड्रोनींच्या वाइनरीत वर्न स्काटेनाने एकतीस वर्षे रोज सकाळी दहा वाजता चव घेतली. त्याआधी तो कॉफीला शिवत नसे आणि दातही नुसत्या पाण्याने घाशी. घोट तोंडात घोळवून पिकदाणीत टाकल्यावर तो जे दोन-तीन शब्द उच्चारी, तेच बाटलीच्या पाठीवर छापले जात. पांढरीला ‘हिरवं सफरचंद, कापलेलं गवत’. लालला ‘ब्लॅकबेरीचा मुरंबा, मिरी’. माझ्या प्रयोगशाळेतील आकड्यांच्या वाट्याला असे भाग्य कधी आले नाही.

दोन वर्षांपूर्वी जुन्या लाकडी पिंपांत एक उपद्रवी यीस्ट शिरले आणि लाल वाइनला तबेल्याचा वास येऊ लागला. मी रीतसर लेखी कळवले. एकदा नव्हे, तीनदा.

“प्रोफेसर,” वर्न म्हणाला, “तुमच्या यंत्राला नाक आहे का? हा आपल्या तळघराचा वास आहे.”

माझी पदवी हा त्याच्या विनोदाचा कायमचा विषय होता.

या वसंतात सॅक्रामेंटोच्या एका व्यापाऱ्याने त्या वासापायी लाल वाइनची चाळीस खोकी परत धाडली. उरलेल्या पिंपांतील वाइन बाटल्यांत भरायची की कमी भावात दारूभट्टीला द्यायची, हे ठरवणे मालकीणबाई लोरेटा पेड्रोनींना भाग पडले. वर्न हट्टाला पेटला.

“बाटल्यांवर कागदी पिशव्या चढवा. शेजाऱ्यांच्या पाच, आपली एक. खराब कुठली ते मी सांगतो. चुकलो, तर उद्यापासून येणार नाही.”

“वर्न, उगाच शपथा घेऊ नकोस,” लोरेटा म्हणाल्या.

शेजारच्या द्राक्षमळ्यांतील चव पारखणाऱ्या दोघांनाही बोलावले. सर्वांनी मुकाट्याने सहाही पेले चाखले आणि आपापल्या कार्डांवर लिहिले. तिसऱ्या पेल्यापाशी वर्नचा चेहरा कित्येक महिन्यांनी सैल झाला.

“ही खरी वाइन! बाकीच्या धुतलेल्या चादरींसारख्या. पाचवी तर पार बिघडलेली.”

लोरेटांनी तिसरी पिशवी काढली. आत आमचीच बाटली होती.

“बघा! काय सांगत होतो?” वर्न हसला. “प्रोफेसर, आता बोला!”

वास्तविक त्याची चूक उघडी पडण्याच्या या क्षणाची मी दोन वर्षे वाट पाहिली होती. पण पाय दुखत होते आणि खुर्ची मिळाली असती तर बरे, एवढेच मनात आले. लोरेटांनी पाहुण्यांची कार्डे त्याच्यापुढे सरकवली. तिसऱ्या क्रमांकापुढे दोघांनीही ‘तबेला’ असेच लिहिले होते. पाचवीला दोघांनी सर्वाधिक गुण दिले होते.

वर्नने कार्डे पुन्हा पुन्हा वाचली. मग तो बाहेर जाऊन अर्धा तास वेलींमध्ये हिंडला, परत आला, तिसरा पेला नाकाशी धरला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

“येतोय का वास?” लोरेटांनी हळूच विचारले.

“नाही.” त्याने पेला खाली ठेवला. “रोज त्याच तळघरात श्वास घेतला ना मी. लोरेटा, ती पिंपं भट्टीला दे.”

मग माझ्याकडे वळून म्हणाला, “प्रोफेसर, नोंद करा. वर्नला ती वाइन अजूनही चांगलीच लागते. तेव्हा यापुढे त्याला विचारू नका.”

मी लिहिले. त्याने खाली सही केली आणि कॉफी मागवली.